पांगाऱ्यावरच्या माशीचं नाव कळायला दहा महिने लागले

आमचं शेत साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना लागतं. बांधावर सात पांगारे आहेत. त्यातले सहा वडिलांनी १९९४ च्या पावसाळ्यात मनगटाएवढ्या फांद्या रोवून लावले, सातवा नाल्याच्या कडेला आपोआप उगवला. काटे असल्यामुळे गुरं बांध ओलांडत नाहीत, पाला शेळ्यांना होतो. फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर लाल फुलं आली की साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर सगळे तिथंच असतात. वडील गेल्यापासून शेत माझे भाऊ, आमचे जिभाऊ, बघतात. मी धुळ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. हे आधी सांगते, कारण असं काम तज्ज्ञांनीच करायचं असं मलाही वाटत होतं.

२९ जून २०२४, शनिवार. मी गावी गेले होते. पहिला पाऊस होऊन पांगाऱ्यांना नवी पालवी आली होती. जिभाऊंनी मला बांधावर नेलं आणि एक फांदी वाकवून म्हणाले, "पानंसले काय गाठी उन्यात, पाह्य बरं." पानाचे देठ ओल्या भुईमुगाच्या शेंगेसारखे फुगले होते. पानं वळून चुरगळल्यासारखी झाली होती, गाठींचा रंग कुठं पोपटी, कुठं जांभळट. शेजारच्या पळसाला मात्र एकही गाठ नव्हती. माय काठी टेकत मागून आली, देठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "झाडले बी दुखस, बाई."

त्याच आठवड्यात जिभाऊंनी दुकानातून औषध आणलं. दुकानदारानं झाड न बघता, पान न बघता "मावा असंल" म्हणून स्पर्शजन्य कीटकनाशक दिलं. औषध आणि फवारणी मिळून ६४० रुपये गेले आणि गाठी तशाच राहिल्या. का, ते पुढं मी ब्लेडनं गाठ आडवी कापली तेव्हा समजलं. आत वेगवेगळे कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात खसखशीएवढी एक पांढरी अळी. एका देठात मी चौदा मोजल्या. अळी अशी बंद खोलीत बसलेली असताना पानावरून उडालेलं औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? म्हणून सांगते, गाठ दिसली की फवारणीच्या आधी ती कापून आत कोण आहे ते बघा. ब्लेड पाच रुपयाला येतं.

पुढचे दोन आठवडे मी मोबाइलवर फोटो टाकत बसले. एका ॲपनं विषाणू सांगितला, दुसऱ्यानं कोळी कीड, तिसऱ्यानं सॉफ्लाय. सॉफ्लाय हे नाव मला ओळखीचं होतं. हिवाळ्यात घरच्या मुळ्याची पानं चाळण करणारी काळपट अळी असते, हात लावला की अंगाचं वेटोळं करून खाली पडते, ती मोहरीवरची सॉफ्लाय. शिवाय काही सॉफ्लाय गाठीही करतात असं वाचलं, त्यामुळे माझा त्यावर विश्वास बसला. 'परदेशातून आलेली सॉफ्लाय' असं मी वहीत लिहूनही टाकलं.

ती समजूत एका पक्षीनिरीक्षक मैत्रिणीनं दूर केली. तिनं तीन प्रश्न विचारले. गाठी करणाऱ्या सॉफ्लाय बहुतेक वाळुंजाच्या कुळातल्या झाडांवर असतात, हे झाड कोणतं? अळीला पाय आहेत का? आणि माशी बाहेर आली तर तिला कंबर आहे का? सॉफ्लाय ही मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी यांच्याच गणातली. पण तिचं पोट छातीला सरळ जोडलेलं असतं, मुंगीसारखी बारीक कंबर नसते. मादीकडे अंडी घालायला करवतीसारखा अवयव असतो, त्यावरून नाव पडलं. पान खाणारी तिची अळी सुरवंटासारखी दिसते, पण सुरवंटाच्या पोटाला मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, सॉफ्लायच्या अळीला सहा किंवा जास्त. मुळ्यावरची अळी पुन्हा दिसली की नक्की मोजा, बघायला सोपं आहे. माझ्या गाठीतल्या अळीला मात्र पायच नव्हते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग २५० रुपयांना घेतलं. दहा महिन्यांतला सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च हाच.

माशी बाहेर येताना बघायची तर गाठी घरी आणून ठेवाव्या लागतात. ७ जुलैला आणलेल्या गाठी मी बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं. चार दिवसांत सगळ्याला बुरशी आली, वास सुटला, तो प्रयत्न फुकट गेला. २१ जुलैला परत आणल्या. या वेळी बरणीत तळाला वर्तमानपत्राचा कागद, तोंडाला जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा आणि रबर, आणि गाठी फक्त तीनचतुर्थांश भरलेल्या. रोज सकाळी कागद बदलायचा. २६ तारखेला सकाळी कपड्याच्या आतल्या बाजूला मला बारीक काळे ठिपके दिसले आणि ते चालत होते. भिंगातून बघितलं तर चार पंख, गर्द तपकिरी अंगावर पिवळे डाग, आणि कंबर अगदी स्पष्ट. लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास. देठाला टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं पडली होती. त्या दिवशी मला कामावर जायला उशीर झाला.

मग कुठं जायचं हा प्रश्न आला. ५ ऑगस्टला अर्धी रजा टाकून एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण पांगारा हे पीक नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदवहीत त्याला रकानाच नाही. कापूस, मका, सोयाबीन असतं तर पाहणीला माणूस आला असता. दुसऱ्या टेबलावर झाड म्हणजे वनखात्याचं काम असं सांगितलं. तिथं गेल्यावर खासगी बांधावरचं झाड आपल्याकडे येत नाही, हे उत्तर. दिवस संपला. संध्याकाळी एसटीनं परत येताना मला खूप एकटं वाटलं. असं वाटलं तर घाबरू नका, आणि तिथंच थांबू नका. अशा कामाला दार उघडतं ते कॉलेजमध्ये. कृषी कॉलेजात कीटकशास्त्र विभाग असतो, साध्या विज्ञान कॉलेजात प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र असतं, आणि तिथल्या सरांना-मॅडमना कुणी असा नमुना घेऊन आलं तर मनापासून आनंद होतो.

१२ ऑगस्टला मी एका कॉलेजात कीटकशास्त्राच्या सरांना भेटले. त्यांनी बरणी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "झाड कोणतं?" मी म्हटलं, पांगारा. "कोणता पांगारा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरांनी सांगितलेली गोष्ट मी इथं जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं काम त्यावर फिरलं. एवढ्या लहान माशीच्या शेकडो जाती एकमेकींसारख्या दिसतात. पण गाठ करणारी माशी झाडाच्या बाबतीत चोखंदळ असते. बहुतेकदा एकाच वंशातली झाडं तिला चालतात. त्यामुळे झाडाचं नाव पक्कं असेल तर शोध शंभर नावांवरून दोन-तीन नावांवर येतो. झाडाचं नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. पळसाला पानं तीनच, तशी पांगाऱ्यालाही तीनच. फूल नसताना फोटोवरून भलीभली माणसं फसतात. पळसाचं पान जाड, चिवट, काटा नसतो, शेंग चपटी आणि टोकाला एकच बी. पांगाऱ्याच्या फांदीला काळे काटे असतात, शेंग प्रत्येक बीजवळ फुगलेली आणि मध्ये आवळलेली. आणि पांगाऱ्यातही प्रकार आहेत. नेहमीचा एरिथ्रिना व्हेरिगेटा, आणि डोंगराकडे मिळणारा बूच पांगारा म्हणजे एरिथ्रिना सुबेरोसा, त्याची साल बुचासारखी जाड, भेगाळलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाठीतून बाहेर आलेली प्रत्येक माशी गाठ करणारीच असेल असं नाही. गाठीतल्या अळीवर जगणाऱ्या परोपजीवी माश्याही तशाच भोकातून बाहेर येतात. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली माझे नमुने वेगळे केले तर खरोखरच दोन तऱ्हेच्या माश्या निघाल्या. मी एकटीनं नाव ठरवलं असतं तर कदाचित पाहुण्याला घरमालक समजले असते.

१९ ऑगस्टला राखीपौर्णिमेला गावी गेले तेव्हा जिभाऊंना राखी बांधून दुपारी आम्ही दोघांनी सातही झाडांना पत्र्याचे क्रमांक लावले. प्रत्येक झाडाची पानांसह एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवली. गाठींच्या सात वेगळ्या बरण्या केल्या. चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, झाड क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव, हे सगळं पेन्सिलनं लिहिलं, कारण अल्कोहोलमध्ये पेनाची शाई विरघळते. झाड क्रमांक १ ते ६ गाठींनी भरलेली होती. सातव्या, नाल्याकडच्या झाडावर एकही सापडली नाही. तेव्हा पहिल्यांदा मी त्याची साल हातानं चाचपली. ती जाड होती आणि नखानं दाबली की दबत होती. तीस वर्षं त्या झाडाखाली बसून मला ते कधी जाणवलं नव्हतं.

नमुने ओळखून देणाऱ्या एका संस्थेकडे पाठवायचं ठरलं. २ सप्टेंबरला पोस्टात गेले तर खिडकीवरच्या बाईंनी अल्कोहोलची बाटली परत केली. ज्वलनशील द्रव टपालानं जात नाही. नियम बरोबर आहे, मला माहीत नव्हता. मग निम्म्या माश्या कोरड्या करून औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घातल्या आणि स्पीड पोस्टानं रवाना केल्या. उरलेल्या निम्म्या सरांच्या फ्रीजमध्ये अल्कोहोलमध्ये राहिल्या. सरांचा आग्रह होता म्हणून ठेवल्या, आणि त्यावरच पुढचं सगळं निभावलं. सगळा नमुना एकदम कधीच पाठवू नका.

गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. दोनदा ईमेल केला, एकदा फोन केला. रोज लॉगिन करून बघायची सवय लागली होती. ११ आठवड्यांनी, १८ नोव्हेंबरला उत्तर आलं. अकरा माश्यांपैकी सात नर, तीन दुसऱ्याच जातीच्या, आणि एकच मादी, तीही वाळून आकसलेली. ओळख पटवायला चांगल्या स्थितीतल्या माद्या हव्यात, आणि यजमान वनस्पतीच्या, म्हणजे माशी ज्या झाडावर जगते त्याच्या, रकान्यात 'पांगारा' चालणार नाही, तज्ज्ञानं तपासलेलं शास्त्रीय नाव हवं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तोवर झाडांची पानं जून झाली होती, नंतर गळायलाच लागली. नवी पालवी नाही म्हणजे नव्या माश्या नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेले तर त्यांनी दाबलेली पानं बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "अंदाज आहे, पण फूल बघितल्याशिवाय सही करणार नाही." म्हणजे आणखी तीन महिने. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

इथं एक अडचण आहे ती पांगाऱ्यावर काम करणाऱ्यानं लक्षात ठेवावी. याला फुलं येतात तेव्हा पानं नसतात. पान पावसाळ्यात, फूल उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि दोन्ही एकाच झाडाची हवीत. आम्ही ऑगस्टमध्ये क्रमांक लावले नसते तर आणखी एक वर्ष गेलं असतं.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. जिभाऊ शिडी घेऊन चढले, मी खाली साडीचा पदर धरून उभी. तीन नंबरच्या झाडाचं फूल हातात घेतलं. वरची मोठी लाल पाकळी नखासारखी वाकलेली, बाकीच्या लहान. मॅडमनी सांगितलं होतं ते बाहेरचं आवरण बघितलं. ते एका बाजूनं तळापर्यंत चिरलेलं होतं, केळफुलाचं एखादं सोप उघडावं तसं, आणि टोकाला पाच बारीक दात. सात नंबरच्या फुलाचं आवरण तसं चिरलेलं नव्हतं, घंटेसारखं, दोन ओठांचं. भिंगाचीही गरज पडली नाही. इतकी वर्षं दोन्हींना आम्ही एकाच नावानं हाक मारत होतो.

फुलं मांसल असतात, लवकर काळी पडतात. रोज कागद बदलून, वर दोन पाटे ठेवून नऊ दिवस वाळवली. ३ मार्चला मॅडमनी दोन्ही हंगामांच्या डहाळ्या शेजारी ठेवून बघितल्या. १ ते ६ एरिथ्रिना व्हेरिगेटा, ७ एरिथ्रिना सुबेरोसा. सही, शिक्का. पैसे घेतले नाहीत. डहाळ्यांचा एक संच कॉलेजच्या संग्रहात राहिला, ते मला फार आवडलं.

५ मार्चला सरांचे एक सहकारी त्या संस्थेच्या गावी बैठकीला जात होते, त्यांनी अल्कोहोलमधल्या माद्या हातानं पोचवल्या. फी जीएसटीसह १,१८० रुपये, ऑनलाइन. पावतीवरचा क्रमांक नमुन्याच्या चिठ्ठीवर आणि ईमेलच्या विषयात, दोन्हीकडे लिहा. पहिल्या वेळी तो न लिहिल्यामुळे माझा ईमेल कुणाकडे जोडायचा हेच त्यांना कळत नव्हतं.

२२ एप्रिलला दुपारी जेवणाच्या सुट्टीत अहवाल आला. दीड पान. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी, कुळ युलोफिडी. पांगाऱ्यावर गाठी करणारी माशी. सॉफ्लाय नव्हे, तिची बारीक कंबरेची दूरची नातेवाईक.

त्या संध्याकाळी सरांनी तिची हकीकत सांगितली. ही माशी मूळची पूर्व आफ्रिकेतली. २००४ साली सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन इथल्या नमुन्यांवरून तिला शास्त्रीय नाव मिळालं. २००५ मध्ये ती हवाईत पोचली आणि तिथल्या विलीविली या देशी पांगाऱ्याचं मोठं नुकसान केलं. २००६ साली केरळमधून तिची नोंद झाली. नवीन पालवीत अंडी घालते, सुमारे वीस दिवसांत पुढची पिढी तयार, म्हणून एका पावसाळ्यात इतक्या पिढ्या होतात. हवाईमध्ये टांझानियातून युरिटोमा एरिथ्रिनी नावाची परोपजीवी माशी आणून २००८ मध्ये सोडली, तिची अळी गाठीच्या आत राहून हिच्या अळ्या खाते.

मी विचारलं, आपल्याकडे तसं होईल का? सर म्हणाले, बाहेरचा कीटक आणणं हे कुणा एकाच्या हातातलं नाही, त्याला परवानग्या, विलगीकरण, चाचण्या लागतात. पण झालंच नाही असं नाही. शहाद्याकडे पपई लावणाऱ्यांना पिठ्या ढेकूण माहीत आहे. तो २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि २०१० मध्ये बाहेरून परोपजीवी माशी आणून त्याला आवर घातला गेला. रस्त्याकडेचं गाजरगवत खाणारा पट्ट्यांचा मेक्सिकन भुंगेराही १९८४ मध्ये बंगळुरात मुद्दाम सोडलेला. आलेल्यांतला कोण चोर आणि कोण राखणदार, हेही नावावरूनच कळतं. आणि माझ्या बरणीतली ती दुसरी माशी, गाठीतल्या अळ्यांवर जगणारी, तिची ओळख अजून व्हायची आहे. सरांनी ती वेगळ्या बाटलीत ठेवलीय.

झाडांवर औषध मारायचं नाही असं आम्ही ठरवलं. खोडात टोचण्याचं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारं, औषध असतं, पण पांगाऱ्याच्या फुलातला मध एवढे पक्षी आणि मधमाश्या पितात, जिभाऊंचं मन झालं नाही, माझंही नाही. गाठी आलेले शेंडे भोकं पडायच्या आत छाटून जाळायचे, आणि झाडांची फांदी गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं पाळतोय.

मे महिन्यात शेजारचे नाना आले. "यंदा बांधले लावाले चार फांट्या दी ठेवजा." आमच्याकडून पांगाऱ्याच्या फांद्या नेणं ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत, त्यांच्या बांधावरचं पहिलं झाडही आमच्याच दोन नंबरचं. जिभाऊंनी त्यांना बांधावर नेलं, गेल्या वर्षीचा वाळलेला देठ मोडून आतले रिकामे कप्पे दाखवले, मग नाल्याकडची निरगुडी छाटून तिच्या काड्यांची मोळी बांधून दिली. नाना मोळी खांद्यावर घेऊन जाताना थांबले आणि आपल्या बांधावरच्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, भिंग कुठं मिळतं विचारायला.

यंदाची पहिली मोजणी २२ जूनला केली. तीन नंबरच्या झाडावर वीस देठ बघितले, तेरांवर गाठी. पाच नंबरवर वीसातल्या आठांवर. सात नंबरवर शून्य. पण एका झाडावरून काही म्हणता येत नाही असं सरांनी बजावलंय, म्हणून पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातले आणखी बूच पांगारे शोधायला आम्ही पुढच्या रविवारी निघतोय. माय म्हणते तिलाही यायचंय.